सहावी पिढी

आग्नेलने टेबलावर वर्तमानपत्र पसरलं
आणि टेप ड्राइव्ह मांडला त्यावर,
मासळी मांडावी तसा, तोंड माझ्याकडे करून.
रिवणच्या बंद खाणीच्या ऑफिसातला माल.
पंख्याच्या जाळीत अजून तांबडी धूळ.
"ह्यावर ट्रकांची वजनं जायची," तो म्हणाला,
"रोज रात्री नऊला. खाण बंद पडली
तेव्हापासून ह्याने अक्षर लिहिलेलं नाही."

माझ्याकडे अकरा टेराबाइट घर आहे.
एक्याण्णवपासूनचं.
माटोळी एकोणतीस वेळा,
थोरलीचे दात पडताना, येताना,
केप्याच्या पुलाला टेकलेली कुशावती,
आणि कितीतरी तास नुसती जमीन,
कॅमेरा बंद करायचा राहिला म्हणून.
सगळं तीन हार्ड डिस्कांवर. त्यातली एक
गेल्या महिन्यापासून टकटक करते,
वसुलीवाला दारात आल्यासारखी.

"क्लाउडवर ठेवा," स्विंडनहून धाकटा म्हणतो,
"भाडं मी भरतो."
बत्तीस वर्षं वीज खात्यात खांब चढलो.
भाडं थकलं की काय कापतात
ते मला कुणी सांगायला नको.

नवा ड्राइव्ह बंगळूरला मिळतो. नववी पिढी.
किंमत ऐकून प्रफुल्लाने विळीवरून मान वर केली:
"एवढ्यात न्हाणीघर होतं. आणि बघणार कोण हे?"
मी उत्तर दिलं नाही. नव्हतंच.

आग्नेलचा सहाव्या पिढीचा.
कार्ट्रिजच्या वेष्टनावर ठळक लिहिलंय सव्वासहा,
खरे धरायचे अडीच.
व्हिडिओ आधीच पिळलेला असतो,
तिसऱ्या रसानंतरच्या खोबऱ्यासारखा.
त्यातून आणखी काही निघत नाही.

आणि ही पिढ्यांची रीत:
सहावी वाचते पाचवीचं, चौथीचंही.
सातवी वाचते सहावीचं, पाचवीचं.
नातवाला आजोबांचं अक्षर लागतं,
पणजोबांचं नाही.
आठवीने तेही मोडलं. फक्त बापाचं वाचते.
म्हणजे मी आज जे लिहीन
ते वाचायला माझ्याच वयाचं यंत्र लागणार.

"दोन दे," मी म्हणालो.
आग्नेलला वाटलं, घासाघीस करतोय.
"एक चालवायला. एक कपाटात,
पहिला मरेल तेव्हासाठी."

पाच टेपा, प्रत्येकीची जोड. दहा.
जोडीची पाच बेळगावला भाचीकडे,
तिकडची हवा कोरडी. इथे
चामड्याच्या पट्ट्यालाही मिशा फुटतात.
एका टेपेत आठशे सेहेचाळीस मीटर फीत.
मी मनात खांब मोजले: एकवीस.
एकवीस खांबांची लाइन, मुठीएवढ्या डब्यात.

ड्राइव्हला भरभर भरवावं लागतं.
हात आखडला की तो थबकतो, मागे जातो,
पुन्हा धाव घेतो, फीत झिजवतो.
दोन रात्री मी शेजारी बसून होतो,
नुसता आवाज ऐकत. तारेतून वीज नीट वाहते आहे
हे कानाला कळतं, तसा.

मग पडताळणी. लिहिलेलं परत वाचून बघायचं,
नाहीतर बॅकअप म्हणजे नुसता विश्वास.
मधूनच एक फाइल काढली. शहाण्णवचा श्रावण,
कुणाचं तरी बारसं, आणि वीज जाते.
पुढे चार मिनिटं काळं.
दर वेळी मी हे पळवत आलो.
यंत्र काळोख गाळत नाही.
त्यानेही तो तेवढ्याच काळजीने लिहिला होता.

काळोखात माझ्या चपला. दार.
मी निघालोय खांबाकडे, कॅमेरा चालूच.
मग थोरलीचा आवाज, चार वर्षांचा:
"बाबा पडटलो?"
आणि प्रफुल्ला, अगदी सहज:
"ना गो. उजवाड आयलो म्हणजे समज, देंवलो."

मग कुणी बोलत नाही.
पाऊस, एक वाटी, कुणाचा तरी खोकला.
सगळे माझी वाट बघतायत
आणि मला हे सव्वीस वर्षं माहीत नाही.
उजेड येतो. सगळे डोळे बारीक करतात.
मी त्यात नाही.

स्वयंपाकघरातून ती कधी आली, कळलं नाही.
"परत लाव," म्हणाली.
टेपेवर असं चटकन लागत नाही गं,
फीत मागे गुंडाळत जावी लागते, वेळ लागतो.
ती हात पुसत उभीच राहिली.
एक मिनिट बारा सेकंद.